जनबंधू साहेबांची वाफ

समस्त वैरागडकर, आरमोरी तालुक्यातील सुज्ञ नागरिक आणि मोबाइलवर नकाशा उघडून आमच्या वावरांतून वाकून वाकून हिंडणारे परगावचे सर्व पाहुणे यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या हयातीत वैरागड येथे एकदाच हिरा सापडला, तो भर मे महिन्यात सापडला आणि जेमतेम एक दिवस टिकला. ज्या गृहस्थांच्या तोंडून तो हिरा झाला, त्यांच्याच तोंडून दुसऱ्या दिवशी त्याची गारगोटी झाली. सबब, कोणीही शेताचे बांध उकरू नयेत.

ते गृहस्थ म्हणजे जनबंधू साहेब.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी तराजूच्या पारड्याखाली हात घालण्यात काढली. तिथे कधी चिंच चिकटवलेली सापडे, कधी मेण, कधी लोहचुंबक. जगातल्या प्रत्येक पारड्याखाली काहीतरी चिकटवलेलं असतं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. निवृत्त होऊन ते वैरागडला आपल्या घरी राहायला आले, तेव्हा खातं सुटलं होतं, हात मात्र अजून पारड्याखालीच होता. मंगळवारच्या बाजारात ते कापडी पिशवीत स्वतःची पितळी वजनं घेऊन जात. ती एकमेकांवर आपटून वाजत. तो आवाज आला की मासे विकणाऱ्या बाया एकमेकींना म्हणत, "आले वो बाई, सरळ धर काटा!"

माझं बसस्टँडसमोर औषधाचं दुकान आहे. दुकानापुढे वजनाचं मशीन ठेवलेलं असे. साहेब गावात आले त्याच आठवड्यात एका पिशवीत वीस किलोची वजनं घेऊन दुकानासमोर उभे राहिले. पिशवी मशीनवर ठेवली, काटा पाहिला, पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी नाव बदलून लपून राहिलेला माणूस आहे.

"तुमचं मशीन दीड किलो कमी सांगते."

"साहेब," मी म्हटलं, "म्हणून तर बाया कुरखेड्याहून इथे वजन करायला येतात!"

ते हसले नाहीत. तिथेच बसून, माझाच स्क्रू ड्रायव्हर मागून त्यांनी मशीन खरं बोलतं केलं. दुसऱ्या दिवसापासून माझं गिऱ्हाईक तुटलं. खऱ्या वजनावर उभं राहायला कोणाला हौस असते? मात्र आमची मैत्री झाली. म्हणजे मी मैत्री केली. त्यांनी मला तपासणीसाठी ठेवून घेतलं.

त्यांच्या घरी चहा मिळे, पण आधी चौकशी होई. दारात उभं राहिलं की आतून आवाज यायचा, "काऊन आले?" काम नाही, सहजच, असं सांगितलं तर संशय दुप्पट. "सहज कोणी येत नाई. बसा. पैले संशय, मंग चहा." हे त्यांचं ब्रीद होतं. चहा चांगला असे. साखर ते मोजून घालत.

आता हिऱ्यांकडे वळतो. आमच्या गावात पूर्वी हिऱ्यांच्या खाणी होत्या. हे जुन्या पुस्तकांत आहे, आणि गावातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात तर पुस्तकाहून जास्त आहे. इथे नांगराला दगड लागला तर शेतकरी शिवी द्यायच्या आधी तो उचलून उन्हात धरतो. पाऊस उघडला की गावाजवळच्या सातनाल्याच्या काठाने माणसं अशी चालतात की परक्याला वाटावं, गावातल्या सगळ्यांच्या पाठी धरल्यात. साहेबांकडे काचेच्या पेटीतला सोनाराचा बारीक काटा होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली टेबलावर तो काटा. गावाने बघता बघता त्यांना दगडांचं कोर्ट करून टाकलं. साहेबांनीही काम अंगावर घेतलं, कुठून कुठून पुस्तकं मागवली, सुरतेहून एक बारीकसा कच्चा हिरा नमुना म्हणून आणवला आणि संशय घ्यायला एक नवं क्षेत्र मिळाल्याच्या आनंदात ते दहा वर्षांनी तरुण दिसू लागले.

एका हिवाळी सकाळी आमचा गजानन न्हावी धावत आला. हातात दगड.

"साहेब, लय चमकते जी!"

"चमकते?"

"डोळे दिपतात!"

"मंग घेऊन जा."

गजाननाचा चेहरा पडला. साहेबांनी त्याला बसवलं, नमुन्याचा हिरा तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हा पाह्य. चमकते काय?" खरंच चमकत नव्हता. मळकट पिवळसर, तेलाचा हात पुसल्यासारखा. खडीसाखरेचा खडा बरा दिसावा. "चमक कारागीर देते. जमिनीतून निंगते तवा हिरा असा तेलकट असते. आठ बाजू. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवले, असा. काठ जरासे गोल. भिंगातून पाह्य, अंगावर बारके बारके त्रिकोण दिसतीन. आता तुझा गोटा पाह्य. सहा बाजू, अन् अंगावर आडव्या रेघा. गारगोटीची जात. उगवतानाच टोक काढून उगवते, लोकायले फसवाले."

बिचाऱ्या गारगोटीवरही त्यांनी फसवणुकीचा आरोप ठेवला होता!

मग त्यांनी वाफेची परीक्षा दाखवली. दगडावर तोंड जवळ नेऊन हाऽऽ करून वाफ सोडायची. गजाननाच्या दगडावर धुकं बसलं आणि बसूनच राहिलं. हिऱ्यावर बसलं आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उडालं. "हिरा उष्णता लगेच पसरवते. वाफेले बसूच देत नाई," साहेब म्हणाले. त्या एका वाक्याने गाव वेडं झालं. त्या हिवाळ्यात चहाच्या टपरीवर, शाळेच्या फाटकाशी, सोसायटीच्या रांगेत माणसं मुठीत तोंड घालून हाऽऽ करत उभी असत. परगावच्या माणसाला वाटलं असतं, इथे काहीतरी साथ आली आहे.

साहेब मात्र बजावत, "वाफ एकटीच सांगते तवर ती अफवा. वाफेसोबत वजन बोललं त चर्चा. अन् भिंगानंही हो म्हटलं त मंग बसू. एका साक्षीवर म्या कोणाले दंड केला नाई, एका साक्षीवर हिराही म्हणणार नाई." वजनाची त्यांची पद्धत अशी: दगड आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात. गारगोटी तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या अडीचपटीहून जरा जास्त भरते, हिरा साडेतीनपट. "पण पुष्कराजही साडेतीनच भरते," ते लगेच म्हणत. "म्हणून वजनावरही नजर ठेवा."

घणाची परीक्षा मात्र त्यांना ऐकवत नसे. खरा हिरा घणाने फुटत नाही, असं आमच्याकडे आजही मानतात. खालच्या आळीतल्या एका घरात कोणे काळी सापडलेला दगड आजोबांनी ऐरणीवर ठेवून घण घातला. पीठ झालं. हिरा नव्हता, सुटलो, म्हणून घरच्यांनी हात झटकले. साहेबांनी ही गोष्ट ऐकली आणि शांतपणे म्हणाले, "हिरा कठीण असते, पण ठिसूळ असते. घणानं त्याचंही पीठच होते." त्या घरात त्यानंतर आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नाही.

आता मे महिना.

आमचा मे म्हणजे काय, ते चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारी लोखंडी फाटकाला हात लावला तर हात ओरडतो. अशा उन्हात दामूपाटलांच्या वावरात बोडी खोदायचं काम चाललं होतं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं, ते पावसाच्या आत व्हायला हवं होतं. त्या कामावर फुलाबाई होती. पन्नाशीची, एकटी राहणारी, काटक. तिच्या जिभेला धार लावायची गरज नव्हती. तिच्या फावड्याखाली बोराएवढा एक मळकट दगड आला. तिला आवडला, तिने पदराच्या गाठीत बांधला. जेवणाच्या सुट्टीत आंब्याखाली कोणीतरी म्हटलं, "पाहू वं." मग गाठ सुटली, दगड फिरला, आणि साहेबांच्या तमाम शिष्यांनी त्यावर हाऽऽ केलं.

वाफ बसलीच नाही.

बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण तासाभरात अख्खं गाव त्या आंब्याखाली होतं आणि दुकानाला कुलूप लावणाऱ्यांत मी पहिला होतो. दामूपाटील आले. दगड बघायच्या आधी त्यांनी फुलाबाईकडे बघितलं.

"माह्या वावरातला हिरा गाठीत बांधून घरी नेऊन राह्यली होती?"

"हिरा कोणं म्हटला जी? मले गोटा दिसला, म्या गोटा उचलला."

"ते ठाण्यात सांग. हिरा निंगाला त ही चोरी हाये. अन् उद्यापासून कामावर येऊ नको."

तिच्या जवळ उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. ती पदराचं रिकामं टोक पिळत पुटपुटत होती, "गोटा होय रे बाप्पा. गोटाच होय." वैरागडच्या साऱ्या इतिहासात सापडलेला दगड गोटाच निघावा म्हणून देवाला हात जोडणारी ती पहिली बाई असावी. तिला एवढंच हवं होतं, बोडीवरचं काम आणि चोर नसलेलं नाव.

जनबंधू साहेब आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी दगड भिंगाखाली धरला. कधीकाळी नदीने घासून गोल केलेला, त्यामुळे बाजू नाहीत, त्रिकोण नाहीत. तेलकट मात्र होता. पदराच्या गाठीत राहिल्यावर दुसरं काय होणार! साहेबांनी चष्मा सावरला, दगड तोंडाजवळ नेला आणि वाफ सोडली.

बसली नाही.

पुन्हा सोडली. नाही. दगड फिरवून तिसऱ्यांदा सोडली. हा माणूस इतकी वर्षं प्रत्येक दगडाला नाही म्हणत होता, त्याला आतून कधीतरी हो म्हणायचं होतं की काय, अशी शंका मला त्या क्षणी आली. मीही संशय त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

"असू शकते," साहेब म्हणाले.

एका साक्षीवर! आंब्याखाली असा गलका झाला की कावळे उठले. त्या गोंधळात साहेबांनी दगड रुमालात बांधला, "घरी काट्यावर पाहतो," म्हणाले आणि निघाले. दगड पंचांसमोर तोलून त्यावर सही घ्यायची राहून गेली. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच शिकवलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब माझ्या दुकानात आले ते बनियनवर. डोक्याला दुपट्टा, हातात चष्मा. मी घाबरून रक्तदाबाचं यंत्र काढलं.

"ते ठेवा. चष्म्यावर वाफ सोडा."

मी हाऽऽ केलं. काच कोरडीच.

"आता तुमच्या त्या काचेच्या बरणीवर."

बरणीही कोरडी. साहेबांचे डोळे असे चमकले, की तशी चमक कच्च्या दगडात दिसली असती तर त्यांनी तो नक्की नापास केला असता. काय घडलं होतं, ते त्यांनी एका दमात सांगितलं. घरी जाऊन दगड तोलला, तर वजन सरळ गारगोटीचं. वाफ हिरा म्हणते, काटा गारगोटी म्हणतो. मग साहेबांनी काट्यावर संशय घेतला. काटा तपासला. खरा. मग वजनांवर संशय घेतला. वजनं तपासली. तीही खरी. आपण कुठे बेइमानी केली, याचा शोध त्यांनी स्वतःच्या घरातल्या प्रत्येक वस्तूत घेतला. शेवटी घामेजलेला चष्मा पुसायला सवयीने वाफ सोडली, आणि बघतात तर काच कोरडी!

"दगडच तोंडापेक्षा गरम हाये, त वाफ बसन कशी? मे महिन्यात या गावातली चमचा-वाटीसुद्धा हिऱ्याची हाये! साऱ्यायवर संशय घेतला हो म्या, उन्हाळ्यावर घ्याचा राहून गेला!"

ग्रामपंचायतीत दामूपाटील फुलाबाईवर तक्रार लिहून घ्यायच्या खटपटीत होते. पोलीस पाटील टेबलाशी, फुलाबाई दाराजवळ जमिनीवर. साहेब तसेच बनियनवर आत शिरले आणि कोणाला काही न सांगता सरपंचांच्या मोबाइलवर वाफ सोडली. मग पितळी घंटेवर. मग दामूपाटलांच्या अंगठीवर, हात धरून. "दिसते काही? नाई ना? सारे हिरेच!" दोन मिनिटांत सगळी पंचायत स्टीलच्या ग्लासांवर, खिडकीच्या काचेवर, कुलपांवर हाऽऽ करत सुटली. मग साहेबांनी दगड माठाच्या गार पाण्यात बुडवला, जरा वेळाने काढून कोरडा पुसला आणि दामूपाटलांपुढे धरला.

"सोडा."

पाटलांनी वाफ सोडली. धुकं बसलं. चांगलं जाड बसलं आणि पाहुण्यासारखं बसूनच राहिलं. फुलाबाईने इतका मोठा श्वास सोडला की तोही दिसावा.

पण दामूपाटील काही कच्चे नव्हते. त्यांनी धुकं उडेपर्यंत वाट पाहिली आणि हळूच म्हणाले, "साहेब, कालपासून गोटा तुमच्या घरी होता. तोच हाये कशावरून? बदलला नाई कशावरून?"

खोली गार पडली. मी साहेबांकडे बघितलं. त्यांच्यावर संशय! मला वाटलं, आता भडकतील. त्यांनी चष्मा काढला, घातला.

"प्रश्न बरोबर हाये, पाटील. म्याही हाच इचारला असता. माह्यापाशी उत्तर नाई. काल पंचायसमोर तोलाले पायजे होता, नाई तोलला. घराची झडती घ्या."

आणि झडती झाली हो! सरपंच, पोलीस पाटील, दामूपाटील आणि मागून निम्मं गाव. पलंगाखाली एक पत्र्याचा डबा निघाला. काठोकाठ दगड. साहेबांनी नापास केलेले आणि मालकांनी तिथेच टाकून दिलेले. मग जे झालं, ते वर्णन करायला मला माझ्या औषधांतलं काहीतरी घ्यावं लागेल. गजानन न्हाव्याला अचानक आठवलं, "माहाबी इथीच राह्यला होता!" दुसरा म्हणाला, माझा मोठा होता. तिसरा म्हणाला, मोठा तो माझा. ज्यांनी आपल्या हाताने दगड टाकले होते, ते आता साहेबांकडे असे पाहत होते, की नाही नाही म्हणत या माणसाने अख्खी खाण पलंगाखाली नेली. साहेब भिंतीला टेकून उभे होते. बनियनमध्ये ते एकदम लहान दिसत होते.

तेव्हा फुलाबाई पुढे आली. तिने पोलीस पाटलाच्या हातातला तो वादाचा दगड घेतला, उलटा केला. एका कडेला नखाएवढा टवका उडालेला होता, ताजा, पांढरा.

"हे माह्या फावड्याचं हाये. कामावरच्या दोघीयनं पाह्यलं होतं, इचारा. तोच गोटा हाये."

"तू त म्हणशीनच," दामूपाटील म्हणाले.

"काऊन नाई म्हणन? काल हिरा होता तवा म्या चोर. आज गोटा निंगाला त साहेब चोर. अन् या डब्यात पाहून पाहून सारे गावकरी फिर्यादी. तुमच्या वावरात धानापेक्षा चोरच जास्त पिकून राह्यले ना, पाटील!"

कामावरच्या दोघींनी टवका ओळखला. पोलीस पाटलाने तक्रारीचा कागद फाडला. हसू इतकं झालं की दामूपाटलांनाही थोडं हसावं लागलं, आणि बोडी पावसाआधी व्हायची होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फुलाबाई फावडं घेऊन कामावर होती. दगडाचं काय, हा प्रश्न उरला. पाटील तो घेईनात, कारण घेतला तर गोटा आहे हे कबूल केल्यासारखं. शेवटी तो फुलाबाईच्या गाठीत गेला.

त्यानंतर साहेबांकडे दगड येणं थांबलं. कोणी उघड काही बोलत नसे. पण रस्त्यात भेटले की लोकांची नजर आधी त्यांच्या खिशावर जायची. मला वाईट वाटायचं, त्यांना नाही. "चांगलं हाये," ते म्हणत. "गाव शिकलं. आता माह्याही पारड्याखाली हात घालते." चहा मात्र ते मला आता चौकशी न करता देऊ लागले. त्यावर मीच थोडा सावध झालो.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांच्या मुलीने त्यांना चंद्रपूरला नेलं. गुडघे चालेनात. निघायच्या सकाळी बसस्टँडवर धुकं होतं. नागभीडमार्गे जाणारी गाडी उभी होती. काचेची पेटी मुलीच्या मांडीवर, पितळी वजनांची पिशवी साहेबांच्या पायाशी. पाच-दहा जण जमले होते, त्यात दामूपाटीलही, अंगावर शाल घेऊन.

फुलाबाई घाईने आली, पदराची गाठ सोडली आणि दगड खिडकीतून साहेबांच्या हातात दिला.

"ठेवा जी. तुमच्यासाठीच राह्यला होता."

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. सवय ती सवय. दगड तोंडाजवळ नेला आणि हाऽऽ केलं. थंडीच एवढी होती की धुकं बसलं ते हलायलाच तयार नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी बसलेलंच. साहेबांनी तो खिडकीबाहेर धरून आम्हा सगळ्यांना दाखवला, चेहरा असा की बक्षीस मिळालंय. "पाहा. गारगोटी. एकदम इमानदार गारगोटी."

मग त्यांनी रुमाल काढला. दगड त्यात ठेवला, एक घडी घातली, दुसरी घातली. कोटाची बटणं सोडली, रुमाल आतल्या खिशात, छातीशी ठेवला, बटणं लावली आणि वरून हात ठेवून बसले. गाडी हलली. फुलाबाईने पदर डोळ्यांना लावला. मीही दुकानाकडे बघायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आणि गाडी वळणार तेवढ्यात दामूपाटलांच्या तोंडून, सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, निघून गेलं:

"गारगोटी हाये, त आतल्या खिशात काऊन ठेवून राह्यले ना, बाप्पा?"